जुनी पण 'पळणारी' गाडी घेताना काय पाहावे



आमचे काम उसाचे. बेणे, लागण, खोडवा, खते आणि हुमणी हे आमचे विषय. या अंकात आम्ही मोटारगाडीवर लिहायला बसलो हे पाहून काहींना नवल वाटेल. पण गेले दोन हंगाम गट ऑफिसला बिलाची चौकशी करायला येणारे बरेच सभासद जाता जाता दुसरीही एक चौकशी करतात. "साहेब, पोरगं जुनी गाडी घ्यायची म्हणतंय. पोलो का काय म्हणतात ती. घ्यावी का?" आम्ही सुरुवातीला हसून विषय टाळत होतो. आता टाळत नाही. कारण पुढे सांगतो.

पोरांना हवी असते ती साधी गाडी नव्हे. साधी जुनी गाडी घेताना जी काळजी घ्यायची ती बहुतेकांना ठाऊक आहे, गावचा मेस्त्रीही सांगतो. पण ही दुसरी जात आहे. आकाराने लहान, मागचे दार वर उघडणारी, म्हणजे जिला हॅचबॅक म्हणतात ती. आणि पोटात मात्र ताकदीचे इंजिन. पोलो जी.टी. टी.एस.आय. हे त्यातले आपल्याकडचे सर्वांत आवडते नाव. पोलो आपल्याच चाकणला तयार होत होती, २०१० ते २०२२ पर्यंत. तिचे जी.टी. टी.एस.आय. रूप २०१३ साली आले. १.२ लिटरचे इंजिन आणि ताकद १०५ अश्वशक्ती. त्याच पोलोच्या साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद ७५ होती, यावरून फरक ध्यानात यावा. याच जातीत बलेनो आर.एस. आली ती २०१७ साली, अबार्थ पुंटो २०१५ साली (ती तर १४५ अश्वशक्तीची), आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ साली, आणि अल्ट्रोझ रेसर २०२४ साली. यांतल्या पोलो, बलेनो आर.एस. आणि पुंटो नव्या मिळत नाहीत. म्हणजे घ्यायची तर जुनीच. आणि न मिळणाऱ्या मालाला भाव चढतो, हे आम्ही सांगायला नको.

एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद कुठून येते? टर्बोमधून. आपल्या कारखान्यात बॉयलरची वाफ टर्बाईन फिरवते ते सर्वसाधारण सभेच्या दिवशी आत फिरताना अनेकांनी पाहिले असेल. इथे वाफेऐवजी सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एक बारके चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि ते टिकते फक्त तेलाच्या पातळ थरावर. तेल वेळेवर बदलले नाही, किंवा जोरात पळवून आणून लगेच चावी बंद करायची सवय असली, तर आतले तेल जळून त्याची खपली धरते आणि टर्बो मरतो. साधे इंजिन हाल सोसते. हे सोसत नाही. म्हणून अशी गाडी म्हणजे खोडव्यासारखी समजावी. आधीच्या मालकाने पाचट, खत, पाणी वेळेवर केले असेल तर लागणीइतका उतारा देईल. नसेल तर नुसती फुटव्यांची गर्दी.

आता आमची गोष्ट. लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

२०२२ च्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलाने अशीच एक पोलो पाहिली. शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे. पांढरी, चकचकीत, "एकच मालक, डॉक्टरांची गाडी" असे सांगितलेले. किंमत पाच लाख चाळीस हजार. बाजारात तशा गाड्या त्यापेक्षा बऱ्याच वर होत्या. थोरले बंधू म्हणाले, "तू जा रे बरोबर. तुला चार माणसं ओळखतात, तुला फसवायचा नाही कुणी." आम्ही गेलो. संध्याकाळची वेळ होती, दिवे लागलेले. गाडी आधीच सुरू करून ठेवलेली. आम्ही टायरला लाथ मारली, दरवाजे दोनदा उघडले-मिटले, एक फेरी मारली आणि "बरी आहे" म्हणालो. तीन लाख खोडव्याच्या बिलाचे आणि बाकीचे पतसंस्थेचे.

चार महिन्यांनी खिडक्यांच्या काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग एअरबॅगचा दिवा. मग एक दिवस भर रस्त्यात गियर बसेना. मेस्त्रीने सीट काढून गालिचा उचलला तेव्हा आम्ही तिथे उभे होतो. सीटच्या रुळाच्या खाचेत आणि गालिच्याखालच्या स्पंजात माती साठलेली होती. वीस वर्षे माती परीक्षणाचे नमुने गोळा केले त्या माणसाला ती ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. आपली काळी नव्हे, आणि पुण्याकडची करडीही नव्हे. लालसर, जांभ्याची. कोकणातल्या पुरात बुडून वर आलेली गाडी होती ती. जुलै २०२१ चा पूर. जी माती आम्ही शेतात चिमटीत धरून सांगतो ती गाडीत पाहायचे आम्हाला सुचले नाही, कारण आम्ही गालिचा उचललाच नव्हता. दुरुस्तीला दीड लाख गेले. बंधूंनी त्या वर्षी दोन एकरांना ठिबक करायचे ठरवले होते, ते राहिले ते आजवर राहिले आहे. ते आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही शिकत गेलो. दोन-तीन चांगल्या मेस्त्र्यांच्या मागे लागून, पुतण्याच्या मित्रांच्या गाड्या पाहायला जाऊन. त्यातले जमेल तेवढे इथे देत आहोत.

पुराची गाडी

आधी याचेच सांगतो, कारण आपल्या भागाला हे सगळ्यांत जवळचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा-कृष्णेच्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या ते आपण डोळ्यांनी पाहिले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच, आणि त्याच दिवसांत चिपळूण-महाडलाही. अशा गाडीचा विमा कंपनी पूर्ण नुकसान म्हणून हिशेब चुकता करते, मग ती भंगार म्हणून लिलावात जाते. ती घेणारे सगळेच काही ती मोडीत काढत नाहीत. धुऊन, वाळवून, नवे सीटकव्हर चढवून ती दोन जिल्हे ओलांडून विकायला उभी राहते. म्हणून गाडी पुण्याची आहे की नागपूरची, यावर विश्वासू नये.

पाहायचे ते असे. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत, पूर्ण, ओढून काढा. रोज वापरात येणारा भाग धुतलेला असतो. आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पाण्याची रेघ किंवा मातीचा रंग राहतो. सीट पुढे-मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट बॅटरीच्या उजेडात पाहा. घराच्या सावलीत राहिलेल्या गाडीत सीटखालच्या बोल्टला गंज चढायचे कारण नाही. डिकीतला जादा टायर उचलून त्याच्या खड्ड्यात हात घाला. गालिच्याचा एक कोपरा, ड्रायव्हरच्या पायाशी, वर ओढून खालचा स्पंज दाबून पाहा. विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पुढच्या दिव्यांच्या आत वाफ किंवा मातीची रेघ आहे का ते बघा. काचा बंद करून, एअर कंडिशनर बंद ठेवून पाच मिनिटे आत बसा. पुराच्या गाडीला पावसाळ्यात बंद ठेवलेल्या गोदामासारखा वास येतो. आणि आत गेल्या गेल्या सुगंधी बाटलीचा भपका आला तर तो कशासाठी, हा प्रश्न मनात आलाच पाहिजे.

साधी जुनी गाडी पाण्यातून काढून वाळवली की बऱ्याचदा चालते. या नव्या गाड्यांत इंजिन, गियर, ब्रेक, एअरबॅग या सगळ्यांचे वेगवेगळे संगणक असतात आणि त्यांना जोडणारे शेकडो बारीक पिनांचे जोड. पाणी गेले की त्या पिनांना हिरवट गंज चढत राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी एकेक जोड दगा देतो. घेताना गाडी ठणठणीत असते, ही त्यातली खरी मेख आहे.

थंड इंजिन, उन्हातला पत्रा

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि आधी फोन करून सांगावे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर समजावे की थंड इंजिनाचा काहीतरी दोष लपवला जात आहे. निदान तशी शंका घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी यावे.

सुरू करण्याआधी तेलाची काडी काढून पुसून पुन्हा बुडवावी. तेल काळे असले तरी चालेल, पण डांबरासारखे घट्ट किंवा पातळीच्या बरेच खाली असले तर मालकाने हयगय केली आहे. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर जाड दिसला तर तेलात पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. मग सुरू करावे. एकाने आत बसावे, दुसऱ्याने मागे सायलेन्सरजवळ उभे राहावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पाच मिनिटे नुसते चालू ठेवून मग एकदम ॲक्सिलरेटर दाबला की निळा लोट आला, तर टर्बोवर संशय घ्यावा. पांढरी वाफ थंडीत सुरुवातीला येतेच, ती थांबली पाहिजे. न थांबता येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असले तर इंजिनाचे हेड उघडावे लागेल, हे धरून चाला.

पत्रा उन्हात, तिरप्या नजरेने, धुतलेल्या नव्हे तर कोरड्या गाडीवर बघावा. दरवाजाच्या कडांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? बॉनेटच्या बिजागरीचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा. त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते कधीतरी काढले आहेत. एक साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. लांबी भरलेल्या जागी ते धरत नाही. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीचे नाव आणि सालाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि एक नंतरच्या सालची असली तर ती का बदलली ते विचारावे. दगड लागूनही काच फुटते, अपघातच झाला असे नाही. पण विचारावे. उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही पाहावे.

बेणे घेताना आपण काय करतो? वरून कांडी कितीही टवटवीत दिसली तरी एखादा ऊस उभा फोडून गाभा पाहतो. लाल दिसला की अख्खा फड नाकारतो. गाडीचा गाभा फोडता येत नाही. तेव्हा बाहेरून जेवढे दिसते तेवढे सगळे जमवून आतला अंदाज घ्यावा लागतो.

हौशी मालकाच्या खुणा

या जातीच्या गाडीचे खास दुखणे हे की ती पळवण्यासाठीच घेतलेली असते. पहिला मालक डॉक्टर असेलही, पण दुसरा कोण होता? काही पोरे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद आणखी वीस-तीस अश्वशक्तीने वाढवून घेतात आणि विकायच्या आधी पुन्हा मूळची भरून घेतात. संगणक पुन्हा सरळ होतो, पण तेवढ्या काळात क्लच, गियर आणि टर्बोने जो भार सोसला तो परत येत नाही. याच्या खुणा शोधाव्यात. हवेच्या फिल्टरचा मूळचा डबा आहे का, की कापूस लावलेली शंकूसारखी वस्तू बसवली होती तिच्या क्लिपांच्या खुणा आहेत? सायलेन्सरला नव्याने वेल्डिंग केलेले आहे का? बाहेरून आणलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असलाच तर किंमत कमी करून घेण्यापेक्षा गाडी सोडावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, दंड तर होतोच, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हुज्जत घालायला कारण मिळते.

गियरचे आता. जी.टी. टी.एस.आय. मधल्या १.२ लिटरच्या गाडीला सात गियरची स्वयंचलित पेटी आहे, तिच्यात दोन कोरडे क्लच असतात. एक क्लच पहिला-तिसरा-पाचवा-सातवा सांभाळतो, दुसरा मधले. एक गियर चालू असतानाच पुढचा तयार ठेवला जातो, म्हणून बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. मजा आहे, खोटे कशाला बोला. पण कोरडा क्लच तापतो. शहराच्या गर्दीत इंच इंच पुढे सरकणाऱ्या गाडीचा तो लवकर झिजतो, आणि त्याला चालवणारा जो संगणक व तेलदाबाचा भाग असतो तो बिघडला तर खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणून फक्त मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून येऊ नये. बाजारपेठेत, रांगेत, वीस मिनिटे हळूहळू चालवावी. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी थरथरते का? चढावर ब्रेक सोडून हळू पुढे आणि मग मागे घ्यावी. दणका बसतो का? गाडी पूर्ण तापल्यावर हे सगळे पुन्हा करावे. २०२० नंतरच्या १.० लिटर टर्बो पोलोला दुसऱ्या प्रकारची, सहा गियरची स्वयंचलित पेटी आली, ती या बाबतीत सोशिक आहे.

हाताने गियर टाकायची गाडी असेल तर क्लच तपासणे सोपे. ताशी चाळीसच्या आसपास चौथ्या गियरमध्ये एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच सरकतो आहे.

चावी पहिल्या खाचेत फिरवल्यावर समोरचे सगळे दिवे पेटले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. यात एअरबॅगचा दिवा नीट बघा. तो पेटलाच नाही याचा अर्थ 'दोष नाही' असा नव्हे. दिवा काढून टाकलेला असू शकतो, आणि मग आत एअरबॅग आहे की नुसते झाकण, देव जाणे. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे लावायचे दोष वाचणारे यंत्र हल्ली हजार-दोन हजारात मिळते आणि मोबाइलवर दिसते. मेस्त्रीकडे असतेच. दोष नाहीत असे दाखवले तरी यंत्रात 'तपासण्या पूर्ण नाहीत' असे आले तर कालच दोष पुसले आहेत असे समजावे.

मीटरवर विसंबू नये. पस्तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेकच्या पायदांडीचे रबर गुळगुळीत होत नाही, स्टिअरिंगचे कातडे चकाकत नाही, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसत नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबर दिला तर आजवरच्या सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहायला मिळू शकतात. मालकाला सोबत नेऊन त्या मागाव्यात. तेल किती अंतराने बदलले तेही त्यातच कळते.

टायर, ब्रेक आणि आपले रस्ते

टायरच्या बाजूवर चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर रबर कडक झालेला असतो, त्याच्या किमतीचे पैसे मागून घ्यावेत. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद आहे. चार टायर चार कंपन्यांचे असले तर मालकाचा स्वभाव कळला. आतल्या कडेलाच झीज असली तर पुढचा भाग कुठेतरी आपटला आहे. खड्ड्यांत वाकलेल्या अलॉय चाकाच्या आतल्या कडेलाही हात लावून पाहावे.

यावर आम्ही जोर देतो त्याला कारण आहे. ताशी शंभरने गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर चाळीस मीटर गेले, ब्रेक अजून लागायचाच आहे. आणि हंगामात आपल्या रस्त्यावर समोर काय असते? उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे वाडे लोंबत असलेले, एखादीला लाल रिफ्लेक्टर आहे तर दुसरीचा मातीने झाकलेला. दर वर्षी मोळी टाकायच्या आधी आम्ही वाहतूकदारांची बैठक घेतो, रिफ्लेक्टर वाटतो, आणि दर वर्षी एखाद्या रात्री आम्हाला फोन येतो. ज्यांच्या घरी तो फोन गेला ते या अंकाचे वाचक आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. पण पोराला शंभर अश्वशक्तीची गाडी घेऊन देणाऱ्या बापाने टायर नवे आणि पुढचे दिवे स्वच्छ आहेत एवढे तरी पाहावे. पिवळट पडलेल्या काचेचे दिवे घासून साफ करता येतात किंवा बदलावे लागतात. ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवले आणि कडेला चढ लागला तर चकती झिजली आहे. ऐंशीच्या वेगावरून सरळ, रिकाम्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक लावून पाहावा. स्टिअरिंग थरथरले किंवा एका बाजूला ओढले तर सोडून देऊ नका, दुरुस्ती त्याच्याकडून करून घ्या.

इथेनॉलबद्दल दोन शब्द

हे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि आपणच इथेनॉल करणारे, तेव्हा उत्तर आम्हीच द्यावे हे बरे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ साली देशभरातले मिश्रण सरासरी वीस टक्क्यांपर्यंत पोचले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांची रबरे, नळ्या त्याला टिकतील अशा केलेल्या आहेत. जुन्या पोलो, पुंटो त्याआधीच्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून ॲव्हरेज काही टक्के उतरते. आपला माल म्हणून ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उलट बाजूही आहे: इथेनॉल इंजिनात 'नॉकिंग' होऊ देत नाही, आणि टर्बो इंजिनाला ते हवेच असते. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या व गास्केट तडकल्या आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, एवढे मेस्त्रीकडून पाहून घ्यावे आणि जीर्ण दिसल्या तर बदलाव्यात. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे गाडी चार-पाच महिने शेडमध्ये झाकून ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

कागद

इथेच पुष्कळांचे चुकते. आर.सी.वरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. परिवहन खात्याच्या वाहन प्रणालीवर नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे समजते. ई-चलनांची थकबाकी वेगळी पाहावी. पळणाऱ्या गाडीवर ती बरीच असते. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आर.टी.ओ.कडची गाडी असेल तर ना-हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८.

दिल्लीकडच्या गाड्या फार स्वस्त मिळतात असे पोरे सांगतात. तिकडे जुन्या गाड्यांवर वयाची बंधने आल्याने त्या इकडे येतात हे खरे आहे. परंतु ना-हरकत दाखला, इथला कर, नवा नंबर हे धरून हिशेब मांडावा. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो.

जुन्या विम्याची प्रत मागून घ्यावी. तीत 'नो क्लेम बोनस' किती आहे ते बघा. पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा तो चढतो. पाच वर्षे एकाच मालकाकडे असलेली, "एक ओरखडासुद्धा नाही" म्हणून सांगितलेली गाडी आणि बोनस शून्य, तर मधे दावा केलेला आहे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे मालक नुकताच बदलला असेल तर ही खूण चालत नाही, आणि तो आपल्याला मिळतही नाही. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा असतो.

व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आर.टी.ओ.चे अधिकृतपत्र आहे का ते विचारावे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते घेण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. "एकच मालक" वगैरे जे तोंडी सांगतात, ते पावतीवर लिहून मागावे: गाडी पुरात बुडालेली नाही, मोठा अपघात झालेला नाही, मीटर बदललेले नाही. आमच्या व्यापाऱ्याने सगळे तोंडीच सांगितले होते. नंतर तो म्हणाला, "मी कधी म्हणालो?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पैसे बँकेतून द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला विकणाऱ्यावर २०१७ पासून बंदी आहेच.

आणि हे विकणाऱ्या सभासदांसाठी. गाडी दिली, पैसे मिळाले, पण आर.सी.वर नाव आपलेच राहिले, तर पुढच्या अपघाताची भरपाई आपल्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नोंदीतला मालक तोच जबाबदार मालक असे स्पष्ट सांगितले आहे. "तो करून घेतो म्हणालाय" यावर राहू नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

पुतण्या ती पांढरी पोलो अजून चालवतो. काचांचे बटण आता बदलले आहे, गियरचा संगणक वर्षभरापूर्वी पुन्हा उघडावा लागला. या लेखातल्या निम्म्या गोष्टी त्यानेच आम्हाला दाखवल्या. ज्या सभासदांना गाडी बघायला सोबत हवी असेल त्यांनी गट ऑफिसला गुरुवारी दुपारी बारापर्यंत यावे. टायरची खोली मोजायचे माप, चुंबक आणि दोष वाचायचे यंत्र आम्ही आमच्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. तो रिकामा असला तर तोच येईल, नाहीतर आम्ही येऊ. फक्त गाडी दिवसा उजेडी बघायची असली पाहिजे.